इग्वानाला कोणतं कॅल्शियम द्यावं? आधी ऊन, मग पाला, मग डबा

विचारणा अशी आहे. मुलगी पुण्याला शिकत होती, तिथं तिनं हिरवा इग्वाना, म्हणजे पाळायला घेतात तो मोठा परदेशी सरडा, घेतला. होस्टेलवर ठेवू देईनात म्हणून तो आर्णी तालुक्यातल्या घरी वडिलांकडे आला. वय दीड वर्ष, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. माशांच्या काचेच्या टाकीत खिडकीपाशी ठेवलेला आहे, काचेतून सकाळचं ऊन येतं. खाण्यात पालक, काकडी, टमाटर, भिजवलेली चणाडाळ आणि रविवारी उकडलेलं अंडं. महिन्याभरापासून मांड्या जाड दिसतात, हातात घेतला की बोटं थरथरतात, खालचा जबडा सुजल्यासारखा वाटतो. दुकानदारानं कुरिअरनं दोन डबे पाठवले आहेत, एक व्हिटॅमिन डी३ घातलेलं कॅल्शियम आणि एक मल्टीव्हिटॅमिन. घरात गायीचं पातळ कॅल्शियमही आहे. शेजारी म्हणतो, बोटावर चुना घेऊन चाटवा. यातलं काय द्यायचं, किती द्यायचं? आणि त्याच शेजाऱ्याच्या कासवाचे डोळे सुजून मिटलेत, त्याला काय?

भाऊ, आज काय करायचं ते आधी सांगतो. चुना अजिबात नको. खर्ऱ्यात टाकतो तो चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो दाहक असतो, इग्वानाची जीभ आणि अन्ननलिका त्यानं भाजून निघते. मोबाइलवर चुन्याचे गुण सांगणारे निरोप फिरतात, ते वाचून लोक जनावरांनाही चुना देतात. कृपा करून तसं करू नका. गायीची बाटली कपाटात राहू द्या. डाळ आणि अंडं आजपासून बंद. चढायच्या फांद्या टाकीतून काढून घ्या, म्हणजे पडून हाड मोडणार नाही. उचलताना एक हात छातीखाली, एक कमरेखाली. पायाला किंवा शेपटीला धरून उचलू नका. आणि येत्या दोन-चार दिवसांत त्याचा एक्स-रे निघेल असं बघा.

आता जाड मांड्यांबद्दल. घरचे लोक म्हणतात, खाऊन-पिऊन गुटगुटीत झाला. जबडा सुजलेला आणि मांड्या जाड असलेला इग्वाना गुटगुटीत नसतो, त्याची हाडं पोकळ होत चाललेली असतात. अंगठा आणि बोटात खालचा जबडा अगदी हलक्या हातानं धरून बघा. निरोगी इग्वानाचा जबडा टणक लागतो. तुमच्याकडे तो दाबला की किंचित वाकत असेल, तर आजार बराच पुढे गेलेला आहे. मात्र परत परत दाबून बघू नका, असा जबडा मोडतोही.

होतं असं की आहारातून आणि उन्हातून कॅल्शियमची सोय झाली नाही की रक्तातलं कॅल्शियम घसरतं. हृदय आणि स्नायू चालवायला रक्तात ते ठरावीक पातळीला लागतंच. मग गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणायला लावतात. महिनोन् महिने हे चाललं की हाडातला खनिज भाग जातो, आणि अंगाचा भार पेलण्यासाठी शरीर त्या जागी तंतूंचा जाड, मऊ थर रचत जातं. तीच तुम्हाला दिसणारी जाड मांडी, तोच सुजका जबडा. बोटांची थरथर त्याच्याही पुढची पायरी आहे. हाडातून ओढूनही आता पुरेनासं झालंय असा तिचा अर्थ. म्हणून एक्स-रेची घाई करतोय.

माझं रोजचं काम गायी-म्हशी-शेळ्यांचं. पण गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतही इग्वाना आणि लाल कानाची कासवं येऊ लागली आहेत, आणि त्यांच्या मालकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की कोणतं कॅल्शियम देऊ. हा प्रश्न कुठून येतो ते मला कळतं. गाय व्याली, दुसऱ्या दिवशी खाली बसली, मान पोटाकडे वळवली, डॉक्टरानं शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली आणि अर्ध्या-पाऊण तासात गाय उठून उभी राहिली, हे आपल्याकडे घरोघरी पाहिलेलं असतं. त्यामुळे कॅल्शियम कमी म्हणजे बाटली द्या, हे मनात पक्कं बसतं. पण त्या गायीच्या हाडांत कॅल्शियम भरपूर असतं. दूध उतरताना रक्तातलं अचानक घटतं, एवढाच तो घोळ. इग्वानाची हाडंच रिकामी झालेली असतात. ती एका बाटलीनं किंवा एका इंजेक्शननं भरत नाहीत, त्याला महिने लागतात. आणि ती भरायला औषधाच्या आधी दोन गोष्टी लागतात, ऊन आणि ऊब. तुमचा इग्वाना दीड वर्ष या दोन्हींशिवाय राहिला आहे.

तुम्ही म्हणाल, खिडकीतून ऊन येतं की. येतं ते काचेतून. उन्हातला जो भाग कातडीत व्हिटॅमिन डी३ तयार करतो, तो म्हणजे अल्ट्राव्हायोलेट बी, २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या दरम्यानचा. साधी काच तो जवळजवळ पूर्ण अडवते. पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रेही अडवतात. त्यामुळे काचेतून प्रकाश मिळतो, ऊब मिळते, पण हाडाच्या कामाचं काही मिळत नाही. उलट आपल्याकडच्या उन्हात काचेची टाकी काही मिनिटांत इतकी तापते की आतला प्राणी दगावतो. उन्हासाठी टाकी कधीही अंगणात ठेवायची नाही.

ऊन म्हणजे उघडं ऊन, जाळीतून आलेलं. पक्ष्यांचा मोठा पिंजरा किंवा बारीक जाळीचा कोंबड्यांचा खुराडा चालतो. निम्म्या भागावर गोणपाट टाका, म्हणजे तापलं की त्याला सावलीत सरकता येईल. आत पाण्याचं भांडं ठेवा. आणि माणूस जवळ बसलेलं हवं, कारण कुत्री, मांजरी, घारी आणि माकडं आपल्याकडे सगळीच आहेत.

वेळेबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. कोवळ्या उन्हात डी व्हिटॅमिन मिळतं असं सगळेच सांगतात. प्रत्यक्षात सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरणांना वातावरणाचा जास्त जाड थर ओलांडावा लागतो, आणि अल्ट्राव्हायोलेट बी वाटेतच अडतं. कोवळं ऊन अंग शेकायला चांगलं, डी३ साठी फारसं कामाचं नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे आपली सावली. सावली आपल्या उंचीएवढी किंवा त्याहून आखूड असेल तेव्हा ऊन कामाचं. मे महिन्यात आपल्याकडे नऊच्या सुमारासच तशी सावली पडते, पण तेव्हा पाराही चढलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात साधारण आठ ते सव्वानऊ, आणि डोळा सारखा प्राण्यावर. तोंड उघडं ठेवून बसला की लगेच सावलीत घ्या, तो तापलाय. डिसेंबरात उलट आहे. तेव्हा भर दुपारीही सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढीच असते, त्यामुळे सकाळी आठला बाहेर काढून उपयोग नाही. अकरा ते दीडच्या दरम्यान काढा. रोज अर्धा-पाऊण तास मिळाला तरी मोठं काम होतं. आजारी प्राण्याला पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं, मग हळूहळू वाढवा.

उन्हाचा आणखी एक फायदा कोणत्याही डब्यात नाही. कातडीत गरजेपुरतं डी३ तयार झालं की जास्तीचं त्याच उन्हात निरुपयोगी पदार्थांत बदलत जातं. म्हणून उन्हातून डी३ चा अतिरेक होत नाही. पावडरीतून मात्र होतो. जास्तीचं डी३ शरीरात साठत जातं आणि मग कॅल्शियम हाडाऐवजी मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जमू लागतं. ते पुन्हा मागे घेता येत नाही. शिवाय इग्वाना हा उन्हात बसून पाला खाणारा प्राणी आहे. तोंडावाटे दिलेल्या डी३ वर त्याचं भागत नाही.

घरात ऊन येतच नसेल तर अल्ट्राव्हायोलेट बी देणारी खास ट्यूब लागते. निळा-जांभळा प्रकाश देणारे स्वस्त बल्ब ‘यूव्ही’ म्हणून विकले जातात, ते घेऊ नका. खरी ट्यूबही सहा महिने ते वर्षभरात निकामी होते. ती उजेड देत राहते, पण त्यातलं अल्ट्राव्हायोलेट संपलेलं असतं. तिच्यात आणि प्राण्यात काच किंवा प्लॅस्टिक नको. खरं सांगायचं तर वर्षातले आठ-नऊ महिने लख्ख ऊन असणाऱ्या विदर्भात अंगण असलेल्या घरानं या ट्यूबवर पैसे घालवू नयेत.

ऊबेचं थोडक्यात. इग्वानाला दिवसा शेकायची एक जागा ३५ ते ३८ अंशांची आणि बाकी जागा २६ ते ३२ ची लागते. त्याखाली त्याचं पचन मंदावतं, कातडीत तयार झालेल्या कच्च्या द्रव्याचं डी३ होणंही उष्णतेवर अवलंबून असल्यामुळे तेही अडतं. म्हणजे थंड प्राण्याला कितीही कॅल्शियम चारा, ते पोटात पडून राहतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो. कोंबडीच्या पिल्लांना लावतो तसा बल्ब जाळीच्या बाहेरून लावा, प्राण्याला चिकटता येणार नाही असा. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. थंडीत संध्याकाळी खायला देऊ नका. सकाळी द्या, म्हणजे दिवसाच्या उबेत पचेल.

आता ताट. तुमच्या यादीत काकडी आणि टमाटर म्हणजे बहुतांश पाणीच. चणाडाळ आणि अंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, आणि हे प्रमाण उलटं झालं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीनं, शक्यतो दुप्पट असावं. अंड्यासारख्या प्राणिज प्रथिनांचा इग्वानाच्या मूत्रपिंडावरही भार पडतो. तो पूर्ण शाकाहारी प्राणी आहे. राहिला पालक. त्यात कॅल्शियम दिसायला बरं असतं, पण ऑक्झॅलेट इतकं असतं की ते कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि बहुतेक सगळं विष्ठेवाटे निघून जातं. चुका, घोळ, राजगिरा यांचंही तेच. यातलं काही विष नाही, आठवड्यातून एखादी मूठ गेली तर बिघडत नाही. पण रोजचं ताट यावर चालवलं तर हाडं रिकामी होणारच.

आपल्या परसात याहून कितीतरी चांगलं उगवतं. मुनग्याचा (शेवग्याचा) पाला आधी घ्या. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि फॉस्फरस त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. हादग्याच्या पाल्यात कॅल्शियम त्याहूनही जास्त. रेशीम करणाऱ्या कुणाकडे तुतीची लागवड असेल तर तुतीचा पाला मागा; इग्वाना तो आवडीनं खातो, आणि रेशीमवाल्यांच्या अळ्या मरतील म्हणून त्यावर सहसा विषारी फवारा मारलेला नसतो, हा मोठा फायदा. गुरांसाठी लावलेलं लसूणघास कोवळं असताना चालतं. जास्वंदाची पानं आणि फुलं, कोहळ्याची (लाल भोपळ्याची) पानं आणि फुलं, मेथी, सांबार (कोथिंबीर), किसलेलं लाल कोहळं यांनी ताट भरतं. पानकोबी कधीतरी. केळं, पपई, आंबा थोडंसं, भूक चाळवण्यापुरतं. अचानक सगळं बदललं तर तो तोंड फिरवेल, म्हणून आठ-दहा दिवसांत हळूहळू पालक कमी आणि मुनगा, तुती जास्त असं करा.

पाला कुठून आणता ते मात्र जपा. कपाशीच्या वावराच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) पाला आणायचा नाही, दुसऱ्याच्याही नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्या औषधांनी धट्टाकट्टा माणूस पडतो, त्याचा पानावर उरलेला अंशही चारशे ग्रॅमच्या प्राण्याला पुरेसा आहे. परसातला, कुंडीतला, मंदिराच्या आवारातला पाला आणा आणि तरीही दोन पाण्यांनी धुवा. कण्हेर, धोतरा, रुई, एरंडी, घाणेरी आणि गाजरगवत यातलं एकही पान जुडीत येऊ देऊ नका.

आता डब्यांकडे येऊ. दोन्ही डबे हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. तीन गोष्टी बघायच्या. पहिली, फॉस्फरस. कॅल्शियमच्या डब्यात तो नसावाच, कारण खाण्यातून तो आपोआप मिळतो. दुसरी, डी३. दोन्ही डब्यांत असेल तर दोन्हींची बेरीज प्राण्याच्या पोटात जाते, आणि बहुतेक वेळा अतिरेक असाच होतो. तिसरी, व्हिटॅमिन ए कोणत्या रूपात आहे. बीटा-कॅरोटीन लिहिलं असेल तर बरं. इग्वानाचं शरीर त्यातून लागेल तेवढंच बनवून घेतं. रेटिनॉल किंवा व्हिटॅमिन ए ॲसिटेट लिहिलं असेल तर हात आखडता ठेवा. उघडलेल्या मल्टीव्हिटॅमिनची ताकद सहा महिन्यांत बरीच उतरते, आणि टिनाच्या छपराखाली मे महिन्यात त्याहूनही लवकर. झाकणावर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. साधं कॅल्शियम कार्बोनेट मात्र कोरडं राहिलं तर खराब होत नाही.

तुमच्याकडे आलेला डी३ चा डबा रोज वापरायचा नाही. रोजच्यासाठी डी३ नसलेलं साधं कॅल्शियम कार्बोनेट घ्या. त्यात वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं, त्यासाठी परदेशी डब्याची गरज नाही. अंड्याची टरफलंही तीच वस्तू आहे. टरफलं दहा मिनिटं उकळा, आतला पापुद्रा काढून टाका, कडक उन्हात खडखडीत वाळवा, मिक्सरमधून मैद्यासारखं पीठ करा आणि मलमलच्या कापडातून गाळा. जाडसर कण राहू देऊ नका. माणसांच्या गोळ्यांचं लोक विचारतात. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण अशा पुष्कळ गोळ्यांत डी३ मिसळलेलं असतं, म्हणून रोजच्या वापराला त्या नकोत.

द्यायची पद्धत अशी. सकाळी पाला धुऊन चांगला झटका, पण थोडा ओलसर राहू द्या. बोटाच्या पेरापेक्षा बारीक चिरा, परातीत पसरा. चहाच्या गाळणीत पाव चमचा पावडर घ्या आणि पाल्यावर एक-दोनदाच टिचकी मारा. मग हातानं कालवा. पाला हिरवाच दिसला पाहिजे, जागोजागी पांढुरका अंश दिसला की पुरे. सगळा पाला पांढरा झाला तर ते जास्त झालं. चवही बिघडते आणि प्राणी खाणं सोडतो. पाण्यात कालवून पाजायचं नाही. सिरिंजनं जबरदस्तीनं पाजताना ते श्वासनळीत जातं, आणि तुमच्या इग्वानाचा तर जबडा मऊ आहे.

वाढत्या वयाच्या, म्हणजे दोनेक वर्षांपर्यंतच्या निरोगी इग्वानाला साधं कॅल्शियम आठवड्यातून चार-पाच दिवस पुरतं, मोठ्याला दोन दिवस. अंडी धरलेल्या मादीला पुन्हा चार-पाच दिवस. नर जवळ नसतानाही मादी अंडी धरते, आणि कॅल्शियम कमी असेल तर ती अडतात. मल्टीव्हिटॅमिन लहानाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला पंधरवड्यातून एकदा, आणि त्या दिवशी दुसरी पावडर नाही. डी३ चा डबा रोज ऊन मिळत असेल तर जवळजवळ लागत नाही. जुलै-ऑगस्टात आठ-आठ दिवस झाकोळ असते, तेव्हा आठवड्यातून एकदा तो वापरा. हे सगळं निरोगी प्राण्यासाठी आहे. तुमच्या इग्वानाला आत्ता किती आणि कोणत्या रूपात द्यायचं हे एक्स-रे आणि रक्त बघून डॉक्टरच ठरवेल. तोपर्यंत ऊन, ऊब, बदललेलं ताट आणि रोज हलकीशी साधी पावडर एवढं निर्धास्तपणे सुरू करा. रोज पंधरा मिनिटं कोमट पाण्यात, पोटापर्यंत बुडेल इतकंच बसवा. अशा प्राण्यांना बद्धकोष्ठता होते, त्यावर याचा उपयोग होतो आणि अंगात पाणीही जातं.

गायीच्या बाटलीचं कारणही सांगतो, कारण ‘थोडंसंच देतो’ हा विचार मनात येणारच. चारशे किलोच्या गायीला १०० मिलिलिटर सांगितलेलं असेल, तर चारशे ग्रॅमच्या इग्वानाला त्याचा हजारावा भाग येतो, म्हणजे ०.१ मिलिलिटर, जेमतेम दोन थेंब. चमचाभर दिलं की पन्नासपट झालं. त्यात कॅल्शियमसोबत फॉस्फरसही घातलेला असतो, आणि डी३ गायीच्या हिशेबानं. खनिज मिश्रणाच्या पुडीत तर तांबं, कोबाल्ट, जस्त असं बरंच असतं, जे रवंथ करणाऱ्या पोटासाठी मोजलेलं आहे. व्यालेल्या गायीला लावायची बाटली कुणी इग्वानाला टोचू म्हणाला तर नाही म्हणा, तो कितीही अनुभवी असला तरी. कातडीखाली ती जागा सडते, आणि मात्रा चुकली तर हृदय थांबतं.

शेजाऱ्याच्या कासवाकडे वळतो. लाल कानाचं कासव असणार, आणि खाणं म्हणजे डबीतले वाळवलेले झिंगे. त्यात व्हिटॅमिन ए जवळजवळ नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांभोवतीच्या ग्रंथींचा थर बदलतो, नळ्या तुंबतात, पापण्या सुजून डोळे मिटतात. दिसेना म्हणून कासव खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी बिघडतं. घाण पाण्यानंही असंच दिसतं, त्यामुळे दोन्ही सुधारा. पाणी रोज बदला, विहिरीचं चालेल. अंग पूर्ण कोरडं करता येईल असा दगड किंवा फळी ठेवा, आणि तिच्यावर उघडं ऊन येऊ द्या. झिंगे बंद करून कासवांच्या चांगल्या दाण्यावर आणा. सोबत किसलेलं गाजर, लाल कोहळं, मुनग्याचा पाला द्या. माणसांचे डोळ्याचे थेंब मनानं टाकू नका, त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं. आणि व्हिटॅमिन ए चं इंजेक्शन कुणी सहज टोचून देत असेल तर सावध राहा. मात्रा जास्त झाली की कासवाची कातडी सालटी निघाल्यासारखी सुटते, आणि आतला जिवंत भाग उघडा पडून त्यात जंतू शिरतात. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेनाचा तुकडा आणून पाण्यात सोडा. ते कॅल्शियम कार्बोनेटच आहे, कासव त्याला हवं तेवढं कुरतडतं. पुढे कासव नकोसं झालं तरी गावतलावात किंवा नाल्यात सोडू नका. ती परदेशी जात आहे, तिथल्या आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावते.

शेजाऱ्याचं कासव मात्र एकदा नीट बघा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील, किंवा ते आपल्या तळ्यातलं मऊ पाठीचं कासव असेल, तर पावडरीचा प्रश्नच उरत नाही. देशी कासवं आणि घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, २०२२ च्या दुरुस्तीनंतर चांदणी कासव अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि ती घरात ठेवणं गुन्हा आहे. लाभ होतो म्हणून आपल्याकडे लोक कासव ठेवतात. त्यापायी कासवाचे हाल होतात आणि ठेवणारा अडकतो. वन विभागाला कळवून ते सोपवून द्या. तुमचा इग्वाना परदेशी असला तरी सायटिस (वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंद करावी लागते. मुलीनं ती केली आहे का ते विचारा. नसेल तर वन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढचं काय ते विचारून घ्या.

एक्स-रेसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सोय नसली तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था गाठा. जायच्या आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. इग्वानाला हवा लागेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी जाड टॉवेल घालून न्या; टाकीत नको. उन्हाळ्यात पहाटे निघा आणि बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही सोडू नका. सोबत दोन्ही डबे, गायीची बाटली (आधी थोडी दिली असेल तर ते खरं सांगा), कालची विष्ठा स्वच्छ डबीत, आणि गेल्या आठवड्यात काय-काय खाल्लं ते कागदावर लिहून न्या. एक्स-रेत पायाचं हाड मोडलेलं निघालं तरी घाबरू नका. अशी हाडं बहुधा प्लास्टर किंवा सळईशिवाय, हलक्या आधारानं आणि विश्रांतीनं जुळतात. जबड्याचा किंवा पाठीचा बाक उरला तर तो राहील, पण थरथर थांबून तो पुन्हा चारी पायांवर अंग उचलू लागला की उपचार लागू पडतोय असं समजा. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून हाड किती भरलं ते बघा, आणि तोवर फांद्या टाकीत परत घालू नका.